सुनेले हाक कोणं माराची

रुखमाबाई : पाय वर घ्या म्हणते ना! खाली लोंबकळत काऊन ठेवले?

लटारू : हळू बोल वं. त्याचं ध्यान टोपल्यात आहे. सकाळपासून वेचलेला मोह सारा खाऊन राह्यलं भाड्या.

रुखमाबाई : खाऊ द्या. अस्वल शिडी चढते का, ते सांगा.

लटारू : भुकेलं असन तं चढते. पोट भरलं असन तं नाई. मागच्या साली नाल्यात असंच एक भेटलं होतं मले, याच्याहून दुप्पट. म्या त्याले खर्रा देल्ला. चघळला त्यानं, बाजूले तोंड करून थुकला, आन् मले सलाम करून...

रुखमाबाई : अजी, हे पारावर सांगाचं. मचाणावर मी आहो.

लटारू : तुहा जीव रमावा म्हणून सांगून राह्यलो.

रुखमाबाई : माहा जीव तिकडं पांदणीवर आहे. ऊन चिचेच्या शेंड्यावर आलं.

लटारू : मंग?

रुखमाबाई : मंग म्हणजे! या टायमाले तुमची सून शिदोरी घेऊन निघते. आन् पांदण सिधी या झाडाखालीच येते.

लटारू : अरे बाप्पा! दिव्यानी! मंग आधी काऊन नाई बोलली?

रुखमाबाई : वर चढल्यापासून पांदणीकडंच पाहून राह्यली मी. दिसलं नाई तुमाले?

लटारू : पाह्यनं म्हणजे सांगनं होते का वं? तोंड आहे ना तुले!

रुखमाबाई : तुमाले तोंडबी आहे आन् फोनबी आहे. लावा आपल्या प्रणितले, पोराले.

लटारू : (फोनवर) हॅलो. हं, मीच... नाई गा, असाच केला. एस्टीत जागा भेटली का?... बरं. शिदोरी?... निघाली ती?... बरं, बरं. तशी काई घाई नव्हती म्हणा... हो. ठेवतो.

रुखमाबाई : अजी! अस्वल?

लटारू : तो गडचिरोलीच्या गाडीत आहे. एवढ्या गर्दीत कसं सांगू?

रुखमाबाई : गर्दीत तो आहे, तुमी नाई! "अस्वल आहे" इतकंच म्हनाचं होतं. त्यानं गावात कोणाले तरी फोन केला असता.

लटारू : अवो, काल त्याच्याच दोस्तायसमोर सांगतलं म्या, का अस्वलाले कानाले धरून नाल्यापलीकडं सोडून आलो. आन् आज मचाणावरून फोन करू? बापानं पोराले सांगाचं असते का, भेव लागून राह्यलं म्हणून?

रुखमाबाई : दिवे लागेपर्यंत पारावर तोंड चालते तुमचं. आन् पोटच्या पोरासंग "हं, बरं, ठेवतो". लावा पुन्हा.

लटारू : लागून नाई राह्यला. टावर गेला.

रुखमाबाई : तुमचा टावर त्या कानाले धरलेल्या अस्वलाचाच भाऊ आहे.

लटारू : तिच्या फोनवर लावला असता आधीच...

रुखमाबाई : तिचा घरी चार्जिंगले राह्यते.

लटारू : मंग हाक मारू. दोघंबी मिळून.

रुखमाबाई : आन् हे भडकून पांदणीकडंच पळालं तं?

लटारू : पळू दे. ती तरणी पोरगी आहे. हरणासारखी पळन.

रुखमाबाई : तिच्यानं पळनं होत नाई.

लटारू : काऊन?

रुखमाबाई : होत नाई म्हटलं ना.

लटारू : रुखमे, खाली अस्वल बसलं आहे. कोडे नको घालू.

रुखमाबाई : पोटात आहे तिच्या.

लटारू : माय वं! तुले सांगतलं तिनं? तुमी तं होळीपासून एकमेकींसंग बोलत नाई!

रुखमाबाई : सांगाले कायले पाह्यजे? सुकट शिजली का अंगणात जाते. भाताचा गंज उतरवतानी मधातच थांबते. डोळे आहेत माह्या थोबाडाले.

लटारू : मंग अबोला कायचा?

रुखमाबाई : हे मोहाचं झाड म्या तिले वेचाले देल्लं होतं ना, सून होऊन आली तवा? माह्या सासूनं मले देल्लं तसं. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी तिले बोलली, आता या झाडाखाली मीच जाईन, तू नको येऊ.

लटारू : बस? इतकंच?

रुखमाबाई : अजून काय बोलाचं? मोह वेचाले दिवसभर वाकावं लागते. या दिवसात तिनं वाकू नये म्हणून बोलली.

लटारू : हे बोलली का तिले? वाकू नये म्हणून?

रुखमाबाई : तिनं समजाचं होतं.

लटारू : वा रे वा! देल्लेलं झाड वापस घेतलं आन् वरून तिनं समजाचं! म्हणून तं पोरगी शिदोरी ठेवते आन् तोंड फिरवून चालली जाते. मी पोराले सांगत नाई, तू सुनेले सांगत नाई. आपल्यापेक्षा हे अस्वल बरं. आलं ते सिधं टोपल्यात तोंड घातलं.

रुखमाबाई : चूप! आली.

लटारू : कुठी?

रुखमाबाई : पळसाजवळ. डोक्यावर शिदोरी आहे. मान खाली घालून येऊन राह्यली.

लटारू : दिव्यानीऽऽ! ए दिव्यानीऽऽ!

दिव्यानी : आली मामाजी! आलीऽऽ!

रुखमाबाई : काय केलं हे! सासऱ्याची हाक आली का सून धावतच येते. आपुनच शिकवलं ना तिले! पाहा, पाय उचलून राह्यली!

लटारू : थांबऽऽ! आइक पोरी, गोष्ट अशी आहे का, आमी सकाळी मोह वेचून राह्यलो होतो, तं नाल्याच्या बाजूनं, म्हणजे बोरी आहेत ना तिकडून...

दिव्यानी : आइकू नाई येऊन राह्यलं मामाजी! जवळ येऊन आइकते!

लटारू : रुखमे, ते उठलं. तिकडं मान केली त्यानं. तू बोल. तूच बोल आता!

रुखमाबाई : दिव्यानीऽऽ! उभी राह्य! तुह्या पोटातल्याची आण आहे, एक पाऊल पुढं टाकू नको! अस्वल आहेऽऽ!

दिव्यानी : ...आई?

रुखमाबाई : हो, मीच!

दिव्यानी : तुमाले कोणं सांगतलं? प्रणितलेबी नाई सांगतलं म्या अजून!

रुखमाबाई : मांग सरक आधी! पाठ नको दाखवू, धावू नको. शिदोरी तिथंच ठेव.

दिव्यानी : ठेवली. आई, ते माह्याकडंच पाहून राह्यलं.

रुखमाबाई : पाहू दे. एक एक पाय मांग टाक. आवाज आइक माहा.

दिव्यानी : मले भेव लागून राह्यलं, आई.

रुखमाबाई : मलेबी. झाड तुहंच आहे, पोरी. म्या हिसकलं नाई. तुनं वाकू नये म्हणून मी आली. इतकं बोलाले पाह्यजे होतं, नाई बोलली. आइकू आलं का?

दिव्यानी : आलं. मले वाटलं, माह्या हातचा मोह तुमाले...

रुखमाबाई : सरकत राह्य! रडतानीबी सरकता येते.

लटारू : टोपला लाथाडला त्यानं. दोन पायावर उभं झालं. आता... आता... वळलं! बोरीत घुसलं. नाल्याकडं उतरून राह्यलं. दिव्यानीऽऽ, गेलं ते! गेलं!

रुखमाबाई : नाला पार करू द्या त्याले. तू तिथंच राह्य वं अजून.

लटारू : पाणी उडवत पार झालं. पलीकडच्या सागात गेलं.

दिव्यानी : येऊ का आता?

रुखमाबाई : थांब, मीच उतरते. तू शिडी नको धरू, जोर नको लावू... हं, उतरली. ये अशी. पाहू, हात किती थंडे पडले तुहे.

दिव्यानी : तुमचेबी थंडेच आहेत. मामाजी काऊन नाई उतरून राह्यले?

लटारू : मी? मी ते किती दूर गेलं, पाहून राह्यलो. कोणी तं पाह्याले पाह्यजे.

दिव्यानी : पन आई, मचाण काऊन हालून राह्यलं? वारा तं नाई.

रुखमाबाई : पाहू दे त्यायले, दूरवर पाहू दे. तू इकडं तोंड करून बस.