चारशे किलोंचा फरक

ताई : उतर खाली. तू आत बसलास तर तुझं वजन गाडीच्या नावावर चढेल.

धाकटा : ताई, भर दुपारी फोन करून बोलावलंस, मला वाटलं आईला काही झालं! आणि इथे गाडी काट्यावर चढवायला लावतेस? धान्याचा ट्रक आहे का हा?

ताई : वजनकाट्याला सगळे सारखे. चल, बाजूला हो. हं, बघ. पंधराशे पन्नास किलो.

धाकटा : छे! काटा बिघडलाय तुझा.

ताई : सकाळी आमच्या साहेबांची गाडी चढवली होती. तीच कंपनी, तेच मॉडेल, फक्त पेट्रोलवर चालणारं. तुझी आधीची होती ना, अगदी तशी. अकराशे चाळीस भरली.

धाकटा : अगं पण हिला इंजिन नाही, पेट्रोलची टाकी नाही, सायलेन्सर नाही. हलकीच असायला हवी की!

ताई : आणि बॅटरी काय कापसाची आहे? सगळ्या पोटाखाली पसरलीय ती. चारशे किलो जास्त. म्हणजे पाच-सहा धडधाकट माणसं गाडीत रात्रभर बसवून ठेवल्यासारखं.

धाकटा : बरं, असेल. मग? घेण्याआधी मी टेप घेऊन मोजलं होतं. लांबी, रुंदी, आरसे उघडल्यावर भिंतीपासून किती जागा उरते, तेसुद्धा. जुन्या गाडीच्या जागेत बरोब्बर बसते.

ताई : बसते रे. पण कुठे बसते? आईच्या खोलीच्या छतावर, तिच्या डोक्यावर!

धाकटा : झालं तुझं सुरू. त्या स्लॅबवर इतकी वर्षं गाडी उभी होती, काही झालं का?

ताई : ती गाडी वेगळी. बाबांनी स्लॅब टाकला तो त्या गाडीपुरता. गवंडी सांगून थकला, सळई जाड घ्या म्हणून. बाबा म्हणाले, मला काय वर रणगाडा ठेवायचाय? मी तिथेच उभी होते.

धाकटा : अगं, स्लॅबला काही झालं असतं तर आई बोलली नसती?

ताई : तू खाली शेवटचा कधी उतरलास?

धाकटा : त्याचा काय संबंध?

ताई : सांग ना. आपलं घर उतारावर, रस्ता वरच्या मजल्याला लागून. रस्त्यावरून येतोस, गाडी लावतोस, सरळ वरच्या घरात शिरतोस. ती बिचारी खाली तिचं तिचं शिजवते, तिचं तिचं जेवते.

धाकटा : कामाचा रगाडा असतो, ताई. येतो तेव्हा जीव नसतो अंगात. आता हे ऐकवायला बोलावलंस का? निघतो मी.

ताई : थांब! काल तिचा पलंग झाडला. उशीवर सिमेंटचा चुरा. वर बघते तर छताला जुनी चादर ताणून ठोकलेली. काय गं हे, तर म्हणे पाली पडतात. मी चादर ओढून काढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भेग आहे, माझं बोट जाईल एवढी. आतली सळई दिसतेय.

धाकटा : काय सांगतेस!

ताई : नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर म्हणाला असतास, जुनीच असेल. म्हणून काट्यावर आणलं तुला.

धाकटा : पण तिनं लपवलं कशाला?

ताई : म्हणाली, पोरानं किती हौसेनं गाडी आणलीय. चार्जर तिथेच बसवलाय, हलवली तर चार्ज कुठे करेल?

(मागून ट्रकचा हॉर्न.)

धाकटा : अरे थांब रे बाबा, काढतो गाडी! ताई... काल रात्रीसुद्धा मी तिथेच लावली गं.

ताई : ठाऊक आहे. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. तिला म्हटलं माझ्याकडे चल, तर नाही. पलंग तरी सरकव, तर नाही. हट्टाला पेटलीय नुसती.

धाकटा : फोन लाव तिला. स्पीकरवर ठेव.

आई : काय गं, जेवलीस का?

धाकटा : आई, मी बोलतोय. आजपासून गाडी वर लावणार नाही. रस्त्याच्या कडेला ठेवेन, चार्जरचं काहीतरी बघू. स्लॅबला आजच टेकू लावून घेतो. तोवर पलंग स्वयंपाकघरात.

आई : ताईनं चुगली केलीच म्हणायची.

धाकटा : अगं, अंगावर पडला असता तो!

आई : पडला नाही ना? मग ओरडू नकोस.

धाकटा : पण बरोब्बर त्याच्याखालीच का झोपायचं? ताई सांगत होती ना, पलंग सरकव म्हणून?

आई : तुझी जुनी गाडी वळणावर आली की आवाज यायचा. मी म्हणायचे, आला गं बाई माझा, आणि कूस बदलायचे. ही नवी मांजरासारखी येते, पत्ता लागत नाही. पण वर चढली की छत करकरतं. ते पलंगावरच ऐकू येतं. मग मला झोप लागते.

ताई : आता बोल.

धाकटा : दे तो फोन इकडे.

आई : आता गाडी लांब रस्त्यावर राहणार. मग तू आलास, हे मला कळायचं कसं?

धाकटा : खाली येऊन सांगेन, आई.

आई : रोज?