उवांचा आळ आमच्या मोतीवर

अगं, आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बायकांच्या डोक्यात उवा झाल्या आणि खटला चालला कुणावर? आमच्या मोतीवर!

सेक्रेटरींची बायको, प्रधान वहिनी, मीटिंगमध्ये तावातावाने उभ्या राहिल्या. "रस्त्यावरचं कुत्रं उचलून आणलंत, वर लिफ्टमधून फिरवता! मंगळागौरीला नाचलेल्या सगळ्या जणी डोकं खाजवतायत. उद्याच्या उद्या त्याला बाहेर काढा."

सगळ्या जणी खाजवत खाजवतच "हो, हो" म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. मोतीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि स्पीकर ऑन केला. डॉक्टर म्हणाले, "अहो, कुत्र्याची ऊ माणसाच्या डोक्यात राहत नाही. माणसाची ऊ माणसाकडूनच येते. एकीच्या डोक्यावरचं काही दुसरीने घातलं होतं का?"

मंगळागौरीला नऊवारी जिची तिची होती गं, पण फोटोसाठी नकली खोपा एकच होता. एकीचा फोटो झाला की तोच खोपा दुसरीच्या डोक्यावर. सगळ्यांनी हळूच प्रधान वहिनींकडे पाहिलं. खोपा त्यांचा होता आणि दिवसभर तो मिरवून मगच त्यांनी बाकीच्यांना दिला होता.

वहिनी फक्त खाजवायच्या थांबल्या.

संध्याकाळी ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: "सोसायटीने मोठ्या मनाने कुत्र्याला माफ केलं आहे. यापुढे असा प्रकार होऊ नये, याची मालकांनी काळजी घ्यावी."