फणसाच्या वळणावरची सोलकढी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष व लोकल बोर्डाचे सन्माननीय सभासद श्रीमान महिपतराव, सत्कारमूर्ती ओव्हरसियर भागोजीराव, व्यासपीठावरील थोर मंडळी, आणि माझ्या मोटारीत कधी ना कधी जीव मुठीत धरून बसलेल्या बंधुभगिनींनो,

संगमेश्वराच्या वाटेवर सर्व्हिस मोटार हाकणारा मी लवू. मला व्यासपीठाची सवय नाही. समोर काच नसली की चुकल्यासारखे वाटते. पण भागोजीरावांची देशावर बदली झाली आणि मी गप्प बसलो, तर माझे उतारू उद्यापासून मलाच गाडीत चढू देणार नाहीत.

फणसाचे वळण कोणाला ठाऊक नाही? सड्याच्या पठारावरून उतरताना आतल्या अंगाला डोंगर, बाहेरच्या अंगाला दरी. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून जुना रस्ता दरीकडे उतरता ठेवलेला. पाणी जाई खरे, पण मोटारही त्याच वाटेने जाऊ पाही. तीन वर्षांमागे माझे मागचे चाक दरीवर लोंबत होते आणि आतले उतारू एका सुरात नवस बोलत होते. ग्रामदेवतेला एका दिवसात एवढे नारळ त्याआधी कधी मिळाले असतील का?

भागोजीरावांनी जांभ्याची दरड फोडून ते वळण ऐसपैस केले आणि दरीकडची कड उचलून घेतली. झाले! गावभर बोंब, ओव्हरसियरने रस्ता वाकडा बांधला. बोर्डाने तो सपाट करायचे ठरवले, गडी टिकाव घेऊन वळणावर हजर झाले. सर्वांत मोठा आवाज कोणाचा होता, ते मी सांगणार नाही. अध्यक्षांचा मान राखला पाहिजे.

भागोजीराव एवढेच म्हणाले, "सायकलवाला वळताना आत कलतो की बाहेर? इथं त्याच्याऐवजी मी रस्ता कलवलाय. पाण्यानं भरलेलं भांडं मांडीवर घेऊन मोटारीनं जा. सांडलं तर खुशाल खणा."

महिपतराव मोठे धोरणी. "पाणी नको," म्हणाले, "पाण्याचा डाग वाळून जातो. सोलकढी घेतो." आणि पुराव्यासाठी कोरे पांढरे धोतर नेसून आले. त्यांच्या घरच्या आनंदीवहिनींनी कल्हईचा टोप काठोकाठ भरला आणि सगळ्यांदेखत बजावले, "सांडलात तर धोतर तुमचा तुमी धुवायचा!"

मंडळी, रस्ता खणला गेला तर ते लोंबणारे चाक पुन्हा माझ्याच नशिबी होते. म्हणून मी गाडी वरातीच्या चालीने नेली. वळणावर सोलकढी डोंगराच्या बाजूला कलली आणि धोतरावर गुलाबी ओघळ आला.

"बगा! रस्ता वाकडाच हाय!" महिपतराव आनंदाने ओरडले. गड्यांनी टिकाव उचलले.

भागोजीराव त्यांना आडवे गेले. "लवू, तू रोज असा जातोस का रे? हे वळण रोजच्या वेगासाठी बांधलंय. टोप परत भरा. आणि तू रोजच्यासारखी घे."

वहिनी कळशी भरूनच आल्या होत्या. नवऱ्याला त्या ओळखून आहेत. मी देवाचे नाव घेतले आणि गाडी नेहमीच्या वेगाने वळणात घातली. थेंब सांडला नाही. महिपतरावांनी टोप तोंडाला लावून रिकामा केला आणि गड्यांना म्हणाले, "काय बगताव? जावा घरला!"

तेव्हापासून बोर्डात त्या वळणाच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असतो, हेही सांगितले पाहिजे. धोतर मात्र अजून गुलाबी आहे.

भागोजीराव, त्यानंतर त्या वळणावर एकही मोटार घसरली नाही. सुखरूप घरी पोचलेला माणूस रस्ता बांधणाऱ्याचे आभार मानतो का? तो हातपाय धुऊन जेवायला बसतो. म्हणून त्या सगळ्यांच्या वतीने आज मी मानतो. तुम्ही जाता, याचे मला फार वाईट वाटते.

अध्यक्षांनी एवढी थट्टा हसून ऐकली, तुम्ही सर्वांनी दाटीवाटीने बसून ऐकली, मी आपला ऋणी आहे. उद्या सकाळी साहेबांना मीच पोचवणार. वहिनींनी वाटेसाठी टोप भरून द्यायचे कबूल केले आहे. साहेब, तो तुमच्या मांडीवर असेल, आणि फणसाच्या वळणावर थोडी सोलकढी सांडेल. रस्त्याचा दोष नाही. उद्या गाडी माझ्याने वेगात नेववणार नाही.

तो डाग, आणि माझ्या बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल ते, दोन्ही पोटात घालावे.