जुनं पान दिसू नये

नाई नाई साहेब, ते तिसरं बी नोको. ते निळ्या पट्टीवालं — चांगलं हाये, मी कुठं वाईट म्हनतो, पन त्यात बी तेच हाये ना, वरच्या कोपऱ्यात 'इतिहास'. दाबलं की झालं — कोनं काय लिहिलं, कोनं काय खोडलं, किती वाजता, सगळं हजर. आता मले सांगा, डोनगावच्या कापूसवाल्याईच्या गटाले इतिहास कायले पाहिजे? आमाले पराटी पाहिजे. तुमी मलकापूरहून इतक्या दूर आले, कम्प्युटरवरच्या वहीचे तीन-तीन विकी दाखवले, अन् तिन्हीत इतिहास! एखांदं साधं नसते का — लिहिलं, पुसलं, संपलं? हाव, शाळेतल्या फळ्यासारखं. तसं नसते म्हनता? काऊन नसते?

असं पाहा, हा विकी काई माह्या डोक्यातून नाई निघाला. मी बियानं विकनारा मानूस, मले काय करा लागते त्याचं? आमच्या गटात इंद्रभान हाये — तीस वर्षांचा दोस्त माहा — त्याची पोरगी महामाया मेहकरले कॉलेजात जाते. ती म्हनली, नौशादचाचा, गटाची वही एकाच्या घरी राह्यते, अन् ज्याच्या घरी राह्यते तोच शहाना होते. त्यापेक्षा कम्प्युटरवर अशी वही करू का सगळेच लिहितीन अन् सगळेच दुरुस्त करतीन — कोनतं बियानं पेरलं, कवा फवारलं, हाती काय आलं. तिनंच एक फुकटचा विकी आनून टाकला माह्या दुकानातल्या ह्या कम्प्युटरवर, काऊन की गावात लाइट नसली तरी माह्याजोळ इन्व्हर्टर असते. अन् मले केलं सेक्रेटरी. बियानं विकनाराच गटाचा सेक्रेटरी, हे काई बरोबर नाई — पन आजवर कोनी बोललं नाई, तुमी बी नोका बोलू.

लोकाईनं काय कमी गंमत केली? शेषरावनं फवाऱ्याच्या पानावर पुतनीची सोयरीक लिहून ठेवली — मुलगी बारावी, रंग निमगोरा. उत्तमरावनं खोडली. शेषरावनं पुन्हा लिहिली, आता रंग गोरा. चार दिवस हेच! अन् इतिहासात निमगोरा बी दिसते, गोरा बी दिसते. पावन्याईनं पाहिलं अन् झालं भांडन. म्हनून म्हनतो, जुनं पान दिसू नये. हे कारन पुरत नाई का तुमाले? ...हसून राह्यले. म्हंजे नाई पुरत.

बरं, आनखी एक पान हाये. इंद्रभानचं. मांगच्या साली त्याचं दोन एकर अळीनं खाल्लं, बोंडात बोंड राह्यलं नाई — अन् सगळ्या गावाची बीटी, ते अळी न लागनारी पराटी, उभी! तर त्यानं अठी बसून, दोन बोटाईनं, तासभर लावून लिहिलं — 'बियाणे बरोबर होते. फवारा माझ्याकडून उशिरा झाला. बाकीच्यांनी अशी चूक करू नये.' असा मानूस हाये तो. आता दर मिटिंगीत ते पान वाचून दाखवतात. नवा कोनी गटात आला की पहिले तेच दाखवतात — पाय बाबू, इंद्रभानसारखं करू नोको. तो बी हसते सगळ्याईच्या संगं. मी सेक्रेटरी, वाचा लागते मलेच.

तुमाले शेतीतलं समजते का? बीटीच्या डब्यात एक लहान पुडी येते, साध्या सरकीची. ते भोवताल पेराची, म्हंजे अळीनं तेवढं खावं अन् बीटी पचवाची तिले सवय लागू नये. कंपनीचा हुकूम. पन अळीसाठी कोन पेरते, साहेब? इथं लेकराईले पुरत नाई. लोकं डबा घेतात अन् पुडी अठीच काउंटरवर सोडून जातात. मी जमा करून तेलाच्या पिप्यात टाकतो — फेकवत नाई, सरकी हाये शेवटी. तर मांगच्या साली पाऊस आला अन् वीस दिवस गायब झाला, इंद्रभानचं दोन एकर उगवलंच नाई. दुबार पेराले बियानं मांगाले आला. माह्याजोळ बीटीचा एक डबा नाई, मेहकरले नाई. तो म्हने काल पानी पडलं, आज वावरात ओल हाये, उद्या नाई राहनार. मंग काय करता? पिपा होता. फोडल्या पुड्या, भरली पिशवी, देली. त्यानं इचारलं, बीटीच ना? मी हाव म्हनलं नाई. मान हलवली फक्त. अन् पैसा एक घेतला नाई! तेच चुकलं — घेतला असता तं त्याले शंका तरी आली असती. फुकट देलं म्हनून माह्यं नाव गावभर करून राह्यला तो.

तोंडातून निघून गेलं पाहा. तुमी परके म्हनून बोललो. आता समजलं ना इतिहास काऊन नोको? मांगच्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजीहून आलो, दुकानात कोनी नव्हतं, ते पान उघडलं अन् खाली लिहिलं — 'ते बियाणे बीटी नव्हते. मी दिले. नौशाद.' पाच मिनिटं पाहत बसलो. छातीवरचा दगड उतरल्यावानी वाटलं, खोटं नाई सांगत. मंग शेषराव युरिया घ्याले आला अन् पुसून टाकलं. पन इतिहासात हाये ते. नवं सॉफ्टवेअर टाकलं की जुनं सगळं जाईन ना? ...जाईन! मंग कोनतंही टाका, ते निळ्या पट्टीवालंच टाका, इतका वेळ काऊन नाई सांगितलं?

काय पाहून राह्यले त्यात? ...ईमेल? पान बदललं की आपोआप ईमेल जाते — कोनाले जाते? ज्यानं विकी अठी बसवला त्याले. लिहिलेलं बी अन् खोडलेलं बी? दोनी? त्याच घडीले?

सोमवारी आली होती महामाया. तुमी बसले तठीच बसली. मले म्हने, 'चाचा, बाबाच्या पानावर तुमाले काई लिहाचं राह्यलं का?' मले वाटलं, फवाऱ्याचं इचारते. मी म्हनलं, नाई बेटा, काई नाई राह्यलं. तिनं जरा वाट पाह्यली. मंग 'येते चाचा' म्हनली, रोजच्यासारखी.

...नाई, कोनतंच नोको टाकू. तुमी निघा, साहेब. मेहकरची गाडी उभी असन फाट्यावर. अन् कम्प्युटर नोका बंद करू. इंद्रभानचं पान तेवढं उघडून ठेवा — तसंच राहू द्या — अन् जा. जा म्हनलं ना.