अभ्र्याखालची पिशवी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सर्व डॉक्टर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या मोठ्या सिस्टर, आणि माझ्यासारखेच कधी ना कधी या इस्पितळाच्या बाकांवर जीव मुठीत धरून बसलेले तुम्ही सगळे,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. कारण विषय लघवीचा! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्यासाठी नुसतं बोट वर करायचं, शब्द उच्चारायचा नाही. आमच्या ननबाईंनी आज मला माइकसमोर पाहिलं असतं तर? पण त्याशिवाय सिस्टरांची गोष्ट सांगायची कशी?

माझ्या यजमानांना लिव्हर आणि किडनी एकाच वेळी बसवली. दोन्ही एकाच अनोळखी माणसाने जगातून जाता जाता दिलेली. लिव्हर लगेच कामाला लागलं, डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. किडनी मात्र गप्प. कॉटला लावलेली लघवीची पिशवी कोरडी ती कोरडीच.

"रक्तपुरवठा छान आहे. ती झोपली आहे," डॉक्टर म्हणाले.

"उठेल ना?"

"बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर माणसाने जगायचं कसं, सांगा!

मी स्टुलावर बसून पिशवीकडे टक लावायची, आणि हे माझा चेहरा वाचायचे. सिस्टरांनी ते पाहिलं. उशीचा अभ्रा आणून पिशवीवर चढवला. "आता ही माझी. झोपलेल्याच्या उशाशी बसून असं बघत राहायचं नसतं, ताई."

मग ती सकाळ. डायलिसिसला न्यायला व्हीलचेअर आली, तर यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "लिव्हर चाललंय ना? बास झालं. मशीन नको." मशीनशिवाय ते वाचणार नव्हते, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. डॉक्टर समजावून थकले.

हे पाणीपुरवठा खात्यातले. म्हणाले, "जन्मभर गावाला पाणी सोडलं, सिस्टर, आणि माझाच नळ बंद. दमलो हो."

"मग दमा की! कोण नको म्हणतंय? मशीनवर पडूनही दमता येतं. उठा."

हे हलेनात. सिस्टरही हलेनात. खुर्चीचा दांडा धरून नुसत्या उभ्या. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी यांनी हात पुढे केला आणि मला म्हणाले, "बाई भलतीच हट्टी आहे गं."

त्यानंतरही मशीनच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. एका दुपारी मी डबा घेऊन आले, तर अभ्रा घडी करून उशाशी ठेवलेला. वाटलं, सिस्टरांनीही आशा सोडली.

"आता बघा," सिस्टर म्हणाल्या.

पिशवीच्या तळाशी चहाच्या कपाएवढं, फिकट पिवळं. मी तिथेच हमसून रडले. हे पुटपुटले, "अगं, लोक बघतायत."

हळूहळू मशीन सुटलं. त्या अनोळखी माणसाचे, त्याच्या घरच्यांचे, डॉक्टरांचे आणि सिस्टर, तुमचे आभार मानते. बोलण्याच्या भरात मर्यादा सुटली असेल, तर वयाकडे बघून सांभाळून घ्या. आणि एक विनंती. तिसऱ्या रांगेतून आत्ता जे गृहस्थ बोट वर करून उठले, ते बायकोच्या भाषणाला कंटाळून नव्हे. सिस्टर, बघताय ना? दाराशी उभे आहेत त्यांनी जरा वाट द्यावी.