तागडेचा दगड

बोट वर करू? कुठं वर, भाऊ? भर दुपारी? अन् तारा नाही तो — दगड होय, दगड! पेपरवाले असून तुमालेच समजत नसन तं गावाले काय नावं ठेवू? मंगळ अन् गुरूच्या मधात असे लाखो दगड फिरून राह्यले म्हणे, त्यातला एक. दूरदेशी कोण्या दुर्बीणवाल्यायले दिसला, त्याईनं काही वर्षं त्याची वाट मोजली, वाट पक्की झाली तवा नंबर दिला — अन् मंग नाव. आमच्या पायलनं बोंडअळीवर प्रयोग केला, मोठ्या स्पर्धेत नंबर आला, तं तिचं आडनाव दिलं दगडाले. तागडे. नुसत्या डोयानं दिसत बी नाही. अन् तुमाले त्याच्याकडं बोट दाखवतानाचा फोटो पायजे! थांबा, चक्कीचा पट्टा घसरला — हां.

सत्काराचं काय सांगू? दारात तहसीलच्या साहेबाची पांढरी गाडी आली. कपाशी बुडाल्याच्या या सालांत बाभुळगावात पांढरी गाडी कोणाच्या दारात थांबली का समजाचं, त्या घरातल्या कोणीतरी जीव देला, पंचनाम्याले आले. दुसऱ्या कामाले येते का कधी? कायले येते! त्यात पायल परीक्षेपायी नागपूरले, म्हणून साहेबानं तिचा मोठा फोटो करून आणला — अन् हार घातला त्याले! जितीच्या फोटोले हार! अकलेचे कांदे सारे. मंग काय, मैनाबाई कडू भाकर घेऊनच आली — मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीण आणते ना, ते. तिच्यामागं अर्धी गल्ली, रडत. साहेबाले वाटलं, सत्काराचं जेवण होय. पिठल्यासंग दोन भाकरी हाणल्या त्यानं.

अन् तो आला. तो म्हणजे कोण? गोविंदा तागडे. माहा नवरा. पायल चौथीत होती तवा वणीले कोळशाचा ट्रक चालवाले गेला, तिथंच दुसरं घर केलं. पोरगी टायफाइडानं फणफणली, नाही आला. दहावीत पयली आली, नाही आला. त्या दिवशी कोणी फोन केला का पायल गेली — तं भेटलं त्या गाडीनं आला! उंबऱ्यात बसून ढसाढसा रडला. मी म्हटलं, ऊठ, जिती हाये. मंग डोये पुसले, अन् साहेबानं 'वडील कोण' म्हटलं का हा पुढं! शाल त्याले, नारळ त्याले, तुमच्या पेपरात फोटो बी त्याचाच. मले कोण विचारते? मी पिठानं माखलेली, कामवाली वाटली असन.

पायल म्हणते, आई, दगडाचं नाव आता बदलत नाही. मी म्हटलं, कायले बदलाचं? ना हवा, ना पाणी, ना सोताचा उजेड. चार-साडेचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरा मारते, जवळ आल्यासारखा वाटते, पण आपल्या घराकडं काही वळत नाही. त्याले बापाचंच आडनाव शोभते!

मी? मी कायले रडू? भाकर तेवढी त्याच्यापुढं ठेवली. काहून ठेवली? भुकेला होता म्हणून — मले काय मालूम! हे लिहू नका हं. जितीसाठी येत नाही, मेलीसाठी धावत येते, असा माणूस... पण रडणं खरं होतं, भाऊ. मी ओळखते ना त्याले. तेच तं डोक्यातून जात नाही माह्या.

काय? कुठं? तुमच्या गाडीत? वणीवरून संग घेऊन आले त्याले, जोडीनं फोटो काढाले?

बसू द्या तिथंच. उतरवू नका. जाऊन सांगा त्याले — आज या घरात कोणी मेलं नाही.