चांद्याचा कान

(१९८३. सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर, सहादूच्या अंगणात. सायकल भिंतीला टेकवून ग्रामसेवक बाजेवर बसले आहेत.)

ग्रामसेवक : तसं नाही, सहादूभाऊ. बैल मेला हे मी मानतो. पण माझ्या मानण्यानं काय होतंय? साहेबांना बिल्ला लागतो.

सहादू : बिल्ला त्याच्या कानात हाय, भाऊसाहेब. सरकारनं अनुदानावर जोडी दिली, तवा तुमच्याच डॉक्टरनं ठोकला. चांद्या कसा थरथरला व्हता, पायलं ना तुमी?

ग्रामसेवक : पाहिलं. आणि तेव्हाच समजावून सांगितलं होतं. जनावर दगावलं, तर बिल्ल्यासकट कान कापून आणायचा. तो दाखवला की विमा मंजूर होतो, दुसरा बैल मिळतो.

सहादू : सांगितलं असंल. जोडी दारात उभी ऱ्हायली, तवा मरणाचं कोण ऐकतंय?

विमलाबाई : च्या घ्या, भाऊसाहेब. कोराच हाय.

ग्रामसेवक : चालेल की. विमलाबाई, तुम्ही तरी सांगा यांना. पेरणी तोंडावर आली.

सहादू : वस्तीवरच्या कुणालाबी इचारा. साप डसला, आन माझ्या मांडीवर डोकं टाकून गेला तो.

ग्रामसेवक : साक्ष चालत नाही हो. लोकांनी बैल बाजारात विकले आणि मेले म्हणून सांगितलं. म्हणून हा नियम आला.

सहादू : लबाडी त्यांची, आन कान माझ्या चांद्याचा?

ग्रामसेवक : परवाच पुरलाय ना? वरची माती थोडी बाजूला केली, तर...

सहादू : भाऊसाहेब!

ग्रामसेवक : रागावू नका. मला तरी कुठं आवडतंय हे बोलायला?

सहादू : माझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या बैलांमागं चालला. आमच्या दावणीला पयल्यांदा जोडी आली. तो पाखऱ्या बघा. कडब्याला तोंड लावत नाय, खड्ड्याकडं बघत उभा हाय. त्याच्यादेखत कुदळ मारू? आख्खा पुरलाय मी त्याला. हिनं लग्नातलं लुगडं घातलं त्याच्या डोक्यावर. माणसाला बी कोण एवढं करत नाय.

ग्रामसेवक : मग रान पडीक राहील यंदा.

सहादू : ऱ्हाऊ द्या.

विमलाबाई : नाय ऱ्हाणार.

सहादू : तू गप.

विमलाबाई : दोन दिस गपच हाय मी. अवं, तुमी टिकाव आणाया गेल्ता ना, तवाच... ते लुगडं उगं नव्हतं टाकलं.

ग्रामसेवक : म्हणजे?

विमलाबाई : हे घ्या. मीठ लावून फडक्यात बांधलाय. बिल्ला पुसलाय. नंबर दिसतो का बघा.

सहादू : विमल...

ग्रामसेवक : दिसतो. बरोबर आहे. मी... निघतो मी. आजच पोचवतो तालुक्याला.

विमलाबाई : च्या?

ग्रामसेवक : नको, बाई. आज नको.

सहादू : गेला का?

विमलाबाई : गेले. सायकलवर बसले बी नाय, हातानंच ढकलत चाललेत.

सहादू : मला वाटलं, मायेनं घातलं तू लुगडं.

विमलाबाई : मायेनंच घातलं. तुमाला दिसू नये म्हणून बी घातलं.

सहादू : उजवा ना? त्याच कानामागं खाजवलं का मान टाकायचा माझ्या खांद्यावर.

विमलाबाई : ठावं हाय मला. आधी खाजवलं. मग इळा लावला.